से की टेल, मेक की डू, लाय की ले: इंग्लिशमधल्या गोंधळात टाकणाऱ्या क्रियापदांचा गुंता कसा सोडवायचा

टेन्सेस झाले, प्रीपोझिशन्स बऱ्यापैकी जमल्या, शब्दही भरपूर पाठ झाले, तरी बोलायला तोंड उघडलं की 'ही सेड मी' निघतं, 'आय अॅम फाइंडिंग माय कीज' निघतं, आणि समोरचा समजून घेतो म्हणून ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहून जाते. अशा जोड्यांच्या याद्या नेटवर पाहिजे तेवढ्या मिळतात, पन्नास जोड्या, शंभर जोड्या. त्या पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण यादीत सगळ्या जोड्या एकाच रांगेत उभ्या केलेल्या असतात आणि प्रत्यक्षात प्रत्येकीत गोंधळ व्हायचं कारण वेगळं असतं. कारण वेगळं तर उपायही वेगळा. म्हणून आधी आपला गोंधळ कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं, मग पाठांतर निम्म्यावर येतं.

पहिली पायरी: गोंधळ कुठल्या जातीचा आहे ते बघा

ढोबळमानाने तीन जाती. एक, मराठीत एकच शब्द आणि इंग्लिशमध्ये दोन किंवा तीन, जसं 'बघणे' साठी सी, लुक, वॉच. दोन, अर्थ नीट माहीत आहे पण क्रियापदाच्या मागे काय येतं ते माहीत नाही, जसं से आणि टेल. तीन, रूपंच एकमेकांसारखी आहेत म्हणून मिसळतात, जसं लाय आणि ले. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे दोन्ही क्रियापदं घ्या आणि मराठीत अर्थ लिहा. एकच शब्द लिहिला गेला तर पहिली जात. वेगळे शब्द लिहिले पण वाक्य करताना अडखळलात तर दुसरी. भूतकाळाचं रूप लिहिताना हात थांबला तर तिसरी. काही जोड्या दोन जातींत बसतात, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: 'एकच शब्द' वाटतो तिथे मराठीतला दुसरा शब्द शोधा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपण उगाच समजतो की मराठीत हा फरक नाहीच. बऱ्याचदा असतो, फक्त आपण तो वेगळ्या पद्धतीने दाखवतो.

बघणे घ्या. मराठीत 'बघणे' आहे तसं 'दिसणे' पण आहे ना. 'मला खिडकीतून एक पक्षी दिसला', इथे तुम्ही काही प्रयत्न केला नाही, तो डोळ्यांपुढे आला. हे इंग्लिशमध्ये सी: 'आय सॉ अ बर्ड'. 'तिकडे बघ' म्हणजे मुद्दाम नजर वळव, तिथे लुक, आणि कशाकडे ते सांगायचं असेल तर अॅट हवाच: 'लुक अॅट द बोर्ड'. आणि 'बघत बसलो', 'लक्ष ठेवून होतो', म्हणजे हलत्या, बदलत्या गोष्टीकडे काही वेळ बघणं, ते वॉच: 'वुई वॉच्ड द मॅच'. आता वाक्य बनवायच्या आधी मनात एवढंच विचारा, की मी इथे 'दिसलं' म्हणेन, 'बघ' म्हणेन की 'बघत बसलो' म्हणेन? उत्तर आलं की क्रियापद मिळालं. एक अडचण मात्र लक्षात ठेवायची, मराठीत 'मला दिसलं' असतं आणि इंग्लिशमध्ये तेच 'मी' होतं, 'आय सॉ'. दिसणारी वस्तू कर्ता राहत नाही, बघणारा माणूस कर्ता होतो. सिनेमाच्या बाबतीत सी आणि वॉच दोन्ही चालतात, टीव्हीच्या बाबतीत मात्र 'वॉच टीव्ही' हेच.

ऐकण्याचंही अगदी तसंच. 'ऐकू आलं' म्हणजे हिअर, 'कान देऊन ऐकलं' म्हणजे लिसन, आणि लिसनच्या मागे टु. 'आय हर्ड अ नॉइज' पण 'आय लिसन्ड टु द न्यूज'. आणि हो, सी आणि हिअर ही दोन्ही या साध्या अर्थाने सहसा आयएनजी लावून वापरत नाहीत. आत्ता दिसतंय किंवा ऐकू येतंय असं म्हणायचं असेल तर कॅन घ्या, 'आय कॅन सी यू', 'आय कॅन हिअर यू'. ऑनलाइन मीटिंगमध्ये 'आर यू हिअरिंग मी' विचारण्यापेक्षा 'कॅन यू हिअर मी' हे सरळ आणि नैसर्गिक. 'आय अॅम सीइंग' ला वेगळा अर्थ आहे, एखाद्याला भेटणं, 'आय अॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो', किंवा एखाद्यासोबत प्रेमसंबंध असणं, त्यामुळे इथे जपून.

तिसरं शोधणे आणि सापडणे. इथे मराठीत फरक अगदी स्पष्ट आहे, तरी चूक फार दिसते, कारण फाइंडचा अर्थ कुठेतरी 'शोधणे' असा वाचलेला असतो. फाइंड म्हणजे सापडणे. शोधण्याची धडपड चालू आहे तोवर लुक फॉर. 'आय अॅम लुकिंग फॉर माय कीज', आणि सापडल्या की 'आय फाउंड देम'. सर्च पण आहे पण त्याच्या मागे जागा येते, 'दे सर्च्ड द रूम' म्हणजे खोली धुंडाळली, आणि हरवलेली वस्तू सांगायची तर सर्च फॉर. 'दे सर्च्ड हिम' म्हणजे त्याची झडती घेतली, त्याला शोधलं असा अर्थ होत नाही. एका छोट्या फॉरने अर्थ एवढा बदलतो.

'शोध लावणे' मध्ये मात्र मराठी खरंच दोन गोष्टी एकत्र करते. जे आधीपासून होतं आणि कोणाला माहीत नव्हतं, ते डिस्कव्हर. जे आधी नव्हतंच आणि माणसाने बनवलं, ते इन्व्हेंट. १८९५ मध्ये राँटगेनने एक्स-रे डिस्कव्हर केले, ते किरण आधीही होतेच. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम डिस्कव्हर केलं. नोबेलने डायनामाइट इन्व्हेंट केला आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 'माणसाच्या आधी हे होतं का?' हा एकच प्रश्न पुरतो.

'हरवणे' तर खास बघण्यासारखं आहे. 'आम्ही त्यांना हरवलं' आणि 'माझं पेन हरवलं', मराठीत शब्द एक, इंग्लिशमध्ये पहिल्यासाठी बीट आणि दुसऱ्यासाठी लूज. त्यात 'जिंकणे' मिसळलं की 'वुई वन देम' असं काहीतरी तयार होतं. नियम साधा आहे, विनच्या मागे सामना, स्पर्धा, बक्षीस येतं, बीटच्या मागे माणूस किंवा टीम येते. 'वुई वन द मॅच', 'वुई बीट देम'. बीटचं भूतकाळाचं रूपही बीटच, तिसरं रूप बीटन. आणि गाडी चुकली तर ती मिस होते, लूज होत नाही, 'आय मिस्ड द ट्रेन'. मिसचा दुसरा उपयोग आठवण येण्यासाठी. 'मला तुझी आठवण येते' ला 'आय रिमेंबर यू' म्हटलं तर समोरच्याला वाटेल की तुम्ही त्याला विसरला नव्हता एवढंच सांगताय. ओढ सांगायची तर 'आय मिस यू'. 'आठवतं' साठी रिमेंबर, 'आठवण करून दे' साठी रिमाइंड, 'रिमाइंड मी टु कॉल हिम'. आपल्या मराठीत तिन्ही वेगळे आहेत, इंग्लिशमध्येही तिन्ही वेगळे.

आता 'करणे'. इथे मराठीचा आधार कमी पडतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवं, कारण आपण सगळंच 'करतो', चूक करतो, फोन करतो, अभ्यास करतो. मेक आणि डू मधला ढोबळ फरक असा की मेकमुळे काहीतरी नवीन तयार होतं जे आधी नव्हतं, आणि डू मध्ये काम, कर्तव्य, कृती पार पाडली जाते. निर्णय तयार होतो, चूक तयार होते, आवाज तयार होतो, म्हणून 'मेक अ डिसिजन', 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ नॉइज', तसंच 'मेक अॅन एफर्ट', 'मेक प्रोग्रेस', 'मेक मनी', 'मेक अ फोन कॉल'. होमवर्क, रिसर्च, एक्सरसाइज, घरकाम, व्यवसाय हे पार पाडायचे, म्हणून डू. पण हा नियम सगळीकडे पुरत नाही, 'डू डॅमेज' मध्ये नुकसान तयारच होतंय की, तरी तिथे डू. म्हणून इथे मी नियमावर फार विसंबायला सांगणार नाही, नाम आणि क्रियापद जोडीनेच पाठ करायचं. डिसिजन हा शब्द शिकलात की एकटा लिहायचा नाही, 'मेक अ डिसिजन' असं लिहायचं. फेवर शिकलात तर 'डू अ फेवर'. शिवाय कित्येक ठिकाणी दोन्ही नाहीत, प्रश्न आस्क करतात, गुन्हा कमिट करतात, फोटो टेक करतात. आणि परीक्षा 'देतो' म्हणून 'गिव्ह अॅन एक्झाम' करू नका, परीक्षा देणारा विद्यार्थी ती टेक करतो, ब्रिटिश वापरात सिट पण करतो. गिव्ह म्हटलं की परीक्षा घेणारा शिक्षक डोळ्यांपुढे येतो, म्हणजे अर्थ बरोबर उलटा.

तिसरी पायरी: क्रियापदाच्या मागे कोण येतं ते विचारा

दुसऱ्या जातीच्या जोड्यांत अर्थ पाठ करून उपयोग नाही, वाक्याचा साचा पाठ करायला लागतो. प्रत्येक क्रियापदाला दोन प्रश्न विचारायचे, लगेच मागे 'कोणाला' येतं की 'काय' येतं, आणि मध्ये प्रीपोझिशन लागतं का.

टेलच्या मागे बहुतेक वेळा माणूस येतो: 'टेल मी', 'शी टोल्ड हिम'. सेच्या मागे बोललेली गोष्ट येते: 'शी सेड दॅट शी वॉज टायर्ड'. सेमध्ये माणूस आणायचा असेल तर टु लागतो, 'शी सेड टु मी'. म्हणून 'ही सेड मी' चूक आणि 'ही टोल्ड टु मी' पण चूक, दोन्ही साच्यांची सरमिसळ झालेली. टेलची काही ठरलेली वाक्यं आहेत जिथे माणूस नसला तरी चालतं, 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी', 'टेल द टाइम', 'टेल द डिफरन्स'. एवढी पाच पाठ करून टाका. स्पीक आणि टॉकमध्ये अर्थाचा फरक फार बारीक आहे, टॉक जरा गप्पांचं, दोघांमधलं, स्पीक जरा औपचारिक किंवा एकाने बोलायचं. भाषा मात्र नेहमी स्पीक, 'शी स्पीक्स मराठी'. फोनवर 'कॅन आय स्पीक टु द मॅनेजर'.

एक्सप्लेन हे टेलसारखं वाटतं पण चालतं सेसारखं. 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन इट टु मी'. सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन हे पण त्याच घरातले. 'कॅन यू सजेस्ट मी अ बुक' हे वाक्य इतक्या ठिकाणी दिसतं की बरोबरच वाटायला लागतं, पण म्हणायचं 'कॅन यू सजेस्ट अ बुक'. 'मला' गाळलं तरी अर्थ कळतो. शिफारसच हवी असेल तर 'रेकमेंड अ बुक टु मी' पण चालेल.

याच्या उलट काही क्रियापदांना प्रीपोझिशन नकोच असतं आणि आपण ते चिकटवतो, कारण मराठीत 'बद्दल', 'शी', 'ला' असतं. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ', 'त्याच्याशी संपर्क' म्हणून 'काँटॅक्ट विथ'. बरोबर काय, तर 'वुई डिस्कस्ड द प्लॅन', 'ही मॅरीड हर', 'काँटॅक्ट मी'. घोळ वाढतो तो यामुळे की नाम म्हणून वापरलं की प्रीपोझिशन परत येतं, 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन' एकदम बरोबर आहे. म्हणजे कानाला अबाउट ओळखीचं असतं, पण ते नामाबरोबर, क्रियापदाबरोबर नव्हे.

बॉरो आणि लेंड: बॉरो म्हणजे उसनं घेणे, 'बॉरो समथिंग फ्रॉम समवन'. लेंड म्हणजे उसनं देणे, 'लेंड समवन समथिंग'. वस्तू कोणाच्या हातून निघाली ते बघा, ज्याच्या हातून निघाली तो लेंड करतो. स्टील आणि रॉब पण साच्याचाच प्रश्न, स्टीलच्या मागे चोरलेली वस्तू, रॉबच्या मागे ज्याला लुटलं तो माणूस किंवा बँक. ब्रिंग आणि टेक बहुतेक वेळा आपल्या आणणे आणि नेणे यांच्यासारखेच चालतात, त्यात अडकायचं कारण नाही. ऐकणारा जिथे आहे तिकडे वस्तू येणार असेल तर ब्रिंग, 'शॅल आय ब्रिंग माय लॅपटॉप टु युअर ऑफिस', बाकी दूर जाणारं सगळं टेक.

मागे टु येतो की आयएनजी येतो यावरूनही अर्थ फिरतो, आणि ही गोष्ट शिकवताना बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट सोडली. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे चालता चालता सिगारेट ओढायला थांबला. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय, 'आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर' म्हणजे लावायचं लक्षात राहिलं आणि लावलं. मराठीत 'ल्याचं' आणि 'यचं' असा फरक आपण आपोआप करतो, 'लावल्याचं आठवतंय', 'लावायचं लक्षात राहिलं'. म्हणून हाच आधार घ्या: रिमेंबर आणि फर्गेटच्या बाबतीत 'ल्याचं' आलं तर आयएनजी, 'यचं' आलं तर टु.

चौथी पायरी: लाय, ले आणि त्यांची भावंडं

तिसऱ्या जातीतल्या जोड्यांना लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे जो कोणी सांगत नाही. आपल्याकडे पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, मरणे-मारणे अशा जोड्या रोजच्या वापरात आहेत, एकात आपोआप होतं, दुसऱ्यात कोणीतरी करतं. जुन्या इंग्लिशमध्येही स्वर बदलून अशी क्रियापदं बनायची. आजच्या इंग्लिशमध्ये नव्याने तशी बनत नाहीत, पण काही उरली आहेत. सिट आणि सेट म्हणजे बसणे आणि बसवणे. फॉल आणि फेल म्हणजे पडणे आणि पाडणे, 'टु फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणे. आणि लाय व ले हीच जोडी, आडवं असणं, पडून राहणं एकीकडे, आडवं ठेवणं दुसरीकडे. राइज आणि रेज यांचाही हिशोब तसाच, सूर्य राइज होतो, आपण हात रेज करतो, किमती राइज होतात, कंपनी किमती रेज करते.

म्हणून परीक्षा एकच: मागे 'काय' येतंय का? 'काय ठेवलं?' ला उत्तर आहे तर ले किंवा रेज. उत्तर नाही तर लाय किंवा राइज.

आता रूपं, इथे थोडं थांबून तोंडाने म्हणा. लाय, ले, लेन: पडून राहणे. ले, लेड, लेड: ठेवणे. लाय, लाइड, लाइड: खोटं बोलणे. सगळा गोंधळ एकाच जागी आहे, पडून राहण्याचा भूतकाळ 'ले' आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ पण 'ले'. 'येस्टरडे आय ले ऑन द सोफा' हे बरोबर आहे, ऐकायला विचित्र वाटलं तरी. 'आय लेड ऑन द सोफा' हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही बोलताना सर्रास म्हणतात, त्यामुळे गप्पांमध्ये कोणी अडवणार नाही, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या लिखाणात जुनाच नियम पाळलेला बरा. राइजची रूपं राइज, रोज, रिझन, आणि रेजची सरळ, रेज्ड, रेज्ड. या सगळ्या जोड्यांत एक छान खूण आहे, 'करवणाऱ्या' क्रियापदाची रूपं साधी असतात, ड किंवा ट वर संपणारी, आणि 'आपोआप होणाऱ्या' क्रियापदाचा स्वर बदलतो, फॉल, फेल, फॉलन. पुन्हा तोच 'फेल' दोन ठिकाणी आला, 'ले'सारखाच, लक्षात आलं असेल.

अफेक्ट आणि इफेक्टबद्दल थोडक्यात, क्रियापद हवं तर अफेक्ट, नाम हवं तर इफेक्ट. इफेक्टचं क्रियापदही असतं, बदल घडवून आणणे या अर्थाने, पण ते औपचारिक लिखाणात येतं, सुरुवातीला सोडून द्या. होप आणि विशमध्ये होपच्या मागे होऊ शकणारी गोष्ट, 'आय होप शी कम्स'. विशच्या मागे सध्या नसलेली, म्हणून क्रियापद भूतकाळात, 'आय विश आय न्यू द आन्सर', म्हणजे मला उत्तर माहीत असतं तर बरं झालं असतं.

पाचवी पायरी: वही कशी ठेवायची

डिक्शनरी वापरताना इंग्रजी-मराठी अर्थावर थांबू नका, शिकणाऱ्यांसाठी बनवलेली लर्नर्स डिक्शनरी घ्या, त्यात प्रत्येक क्रियापदापुढे ट्रान्झिटिव्ह की इंट्रान्झिटिव्ह हे दिलेलं असतं, म्हणजे मागे 'काय' येतं की नाही, आणि साचा ठळक अक्षरात असतो. तो साचा वहीत उतरवायचा, अर्थ नव्हे. खाली स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य लिहायचं. पुस्तकातलं 'ही टोल्ड मी अ सिक्रेट' विसरायला होतं, पण काल तुमच्या बॉसने तुम्हाला खरोखर काय सांगितलं ते टेल वापरून लिहिलंत तर ते डोक्यात बसतं. एका जोडीची दोन्ही क्रियापदं एकाच दिवशी शिकायची घाई करू नका, विशेषतः लाय आणि ले. आधी एक पक्कं होऊ द्या, बोलताना न अडखळता यायला लागलं की मग दुसरं. दोन्ही एकदम घेतली की ती डोक्यात जोडीनेच साठतात आणि बोलताना जोडीनेच वर येतात, आणि मग पुन्हा कुठलं घ्यायचं हा प्रश्न.

आणि दर आठवड्याला स्वतःच लिहिलेले मेसेज, ईमेल वर काढून वाचा, फक्त क्रियापदं बघत. तीच चूक पुन्हा पुन्हा कुठे येते ते तिथेच दिसतं, दुसऱ्या कोणाच्या यादीत ते मिळणार नाही.

आता ही वाक्यं दुरुस्त करून बघा, उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा: 'शी सेड मी टु वेट.' 'कॅन यू बॉरो मी युअर पेन?' 'हू डिस्कव्हर्ड द टेलिफोन?' 'आय हॅव लेड इन बेड ऑल डे.' 'दे स्टोल अ बँक.' 'प्लीज एक्सप्लेन मी धिस रूल.' 'वुई वन देम लास्ट यिअर.'

पहिल्यात टोल्ड, कारण मागे मी आहे. दुसऱ्यात लेंड, पेन समोरच्याच्या हातून निघणार. तिसऱ्यात इन्व्हेंटेड, टेलिफोन आधी नव्हता. चौथ्यात लेन, 'काय ठेवलं' ला उत्तर नाही आणि हॅवच्या मागे तिसरं रूप हवं. पाचव्यात रॉब्ड, बँक कोणी उचलून नेली नाही. सहाव्यात 'एक्सप्लेन धिस रूल टु मी'. सातव्यात बीट, आणि भूतकाळ असला तरी रूप तेच.